फुलाची आणि उसाची: चाखण्याची एक संध्याकाळ

ग्वातेमालाच्या 'साकापा' रमच्या बाटलीला कमरेशी एक विणलेला पट्टा असतो. ताडाच्या जातीतल्या झाडाची पानं वाळवून, चिरून तिथल्या बायका तो हाताने विणतात. याच विणीच्या चटईला तिकडे पेताते म्हणतात. माया राजे चटईवर बसत, आणि त्यांच्या चित्रांत चटईची वीण ही सत्तेची खूण म्हणून येते. साकापा गावाच्या स्थापनेला शंभर वर्षं झाली म्हणून १९७६ मध्ये ही रम पहिल्यांदा केली गेली. आज माया वारसा आणि कारागिरीच्या नावाने तिच्या चाखण-मेजवान्या भरतात.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. रम हे मायांचं पेय नव्हे. ऊस अमेरिकेत पोचला तो १४९३ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत. मायांचं स्वतःचं पेय होतं बाल्चे: बिननांगीच्या मधमाशीचा मध, पाणी आणि बाल्चे झाडाची साल एकत्र आंबवून केलेलं, देवाला आधी आणि माणसांना नंतर मिळणारं. स्पॅनिश पाद्र्यांनी त्यावर बंदी आणली. त्यांच्यातल्याच दिएगो दे लांदाने १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्याही जाळल्या. चियापासच्या जंगलातल्या लाकांदोन मायांनी बाल्चे विसाव्या शतकातही टिकवलं, पण ते दुकानात मिळत नाही. साकापाच्या बाटलीत मायांचा खरा वाटा आहे तो त्या विणलेल्या पट्ट्याचा.

नाशिकमध्ये अशी बैठक भरवायची तर आपली परिस्थिती जास्त चांगली आहे. ज्यांचा वारसा त्यांचंच पेय, आणि त्या पेयाचं झाड पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या वाटेवर उभं आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल या सगळ्यांच्या जगण्यात मोह आहे: फूल खायला, बियांचं तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला, आणि गाळलेली धार देवाला, बारशाला, लग्नाला, मर्तिकाला. म्हणून माझी मांडणी अशी: आधी मोहाची, मग उसाच्या तीन रम. त्या तिघींत साकापाही असू द्या. खालची कृती आठ जणांसाठी आहे.

दिवस ठरवणं

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात, तेव्हा चैत्रातला शनिवार उत्तम. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव असतो. निम्मं नाशिक पायी वणीच्या वाटेवर असतं आणि अनेक घरांत उपास असतात, तेव्हा ते दिवस टाळा. ड्राय डे कधी आहेत तेही पाहून ठेवा.

कायद्याचं आधीच उरका. महाराष्ट्रात दारू प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वैयक्तिक परवाना लागतो, आणि वाइन-बिअर सोडून कडक दारूसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो. पाहुण्यांना तो काढून ठेवायला सांगा. ही बैठक घरची, निमंत्रितांची आहे. वर्गणी काढून किंवा तिकीट लावून केली तर तिला वेगळी परवानगी लागते, म्हणून पैशांची भानगड ठेवूच नका.

पाहुणे आठच का? ७५० मिलीच्या बाटलीतून प्रत्येकी १५ मिली ओतलं तर आठ जणांना १२० मिली लागतं. बाटली पुढच्या पाच बैठकांना पुरते, आणि खोलीत एका वेळी एकच बोलणं चालतं. बारा झाले की दोन घोळके पडतात आणि चाखणं मागे राहतं.

बाटल्या

मोहाची बाटली परवानाधारक कारखान्याचीच हवी. ओळखीच्या पाड्यावरून 'चांगली, पहिल्या धारेची' आणून देतो असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. नको म्हणा. परवान्याशिवाय गाळणं आणि विकणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि पोलीस आले तर ते पाड्यावर जातात, तुमच्या सोसायटीत येत नाहीत. दुसरं कारण जिवाचं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे, आणि मिथेनॉल वासाने किंवा चवीने घरी ओळखता येत नाही.

सुदैवाने कायदेशीर मोह आता आहे. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीची 'सिक्स ब्रदर्स महुरा' निघाली आहे. गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांची 'डीजे महुआ' २०१८ मध्ये आली. मध्य प्रदेशाने तर मोहाला वारसा-मद्य म्हणून वेगळं धोरण दिलं. आपल्यासाठी डहाणूची सर्वांत जवळची. परराज्यातून आणायची तर लागणारे परवाने घेऊनच आणा.

उसाच्या तिघी अशा निवडा की तिघींचा कच्चा माल आणि मुरवण वेगळी असेल. 'कामिकारा' हरियाणातली, थेट उसाच्या रसापासूनची. 'ओल्ड मंक' १९५४ पासूनची, मळीची, साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या चिकट द्रवाची. आणि साकापा, आटवलेल्या रसाची. ग्वातेमालात त्या आटवलेल्या रसाला उसाचा मध म्हणतात. आपण त्याला काकवी म्हणू. साकापा मुंबईच्या मोठ्या दुकानात किंवा विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमध्ये मिळते. महाग आहे. नाही मिळाली तर बैठक अडत नाही, आटवलेल्या रसाची दुसरी कोणतीही रम चालेल.

बुरुडाकडे जाणं

हे काम आठ-दहा दिवस आधी करा. जुन्या नाशकात बांबूचं काम करणारे बुरूड अजून बसतात. त्यांच्याकडून बाटलीवर वरून घालता येतील अशी तीन झाकणं विणून घ्या. बाटलीची जाडी साधारण साडेसात-आठ सेंटीमीटर असते, तेव्हा झाकणाचा आतला व्यास दहा सेंटीमीटर आणि उंची बावीस-तेवीस सेंटीमीटर ठेवायला सांगा, म्हणजे लेबल झाकतं आणि मान ओतायला मोकळी राहते. झाकण तळाशीही उघडं हवं, वरून सरकवता यायला. वीण घट्ट हवी, फटीतून लेबल दिसता कामा नये. नमुन्याला एक रिकामी बाटली बरोबर न्या, मापं तोंडी सांगून काम नीट होत नाही.

विणताना थोडा वेळ तिथे थांबा. हिरव्या बांबूची कांडी उभी चिरली जाते, मग त्या चिरीचे पापुद्रे सुरीने सोलून काढतात. बाहेरचा चकचकीत पापुद्रा चिवट, आतला पांढरट आणि ठिसूळ. उभ्या पट्ट्यांना बाहेरचा, भरणीला आतला. बोटांना सुरीची धार कुठे थांबवायची हे इतकं ठाऊक असतं की पट्टीची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी निघते. ग्वातेमालाच्या पट्ट्यामागे जी कारागिरी आहे, तीच ही. झाकणं नुसती शोभेला नाहीत, बैठकीत बाटल्यांची नावं लपवायला ती लागणार आहेत. घासाघीस करू नका. टोपली-सुपाचा भाव याला लागू होत नाही, कारण हे एकेकट्याचं, मापाबरहुकूम काम आहे.

बुरुडाकडूनच एक पसरट परडीही घ्या, ती फुलांना लागेल.

फुलं

पेठ, सुरगाणा, हरसूलच्या आठवडी बाजारात हंगामात वाळलेली मोहफुलं मिळतात. अर्धा किलो पुरे. मोहफुलं गोळा करणं, बाळगणं, नेणं यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले, त्यामुळे पिशवीत घेऊन येताना धास्ती नको. ही धास्ती फार जुनी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्यावर सरकारी मक्ता बसला, आणि १८९२ मध्ये खास मोहासाठीच, फुलं जवळ ठेवण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. जे फूल आंब्या-जांभळासारखं दारात पडतं ते घरात ठेवणं गुन्हा ठरलं. बैठकीत ही माहिती एका वाक्यात नक्की सांगा. बाल्चेवर बंदी आली आणि मोहावरही आली, दोन्ही परक्या राज्यकर्त्यांनी आणली, आणि ही दोन्ही पेयं लोकांनी झाडाझुडपांत लपून टिकवली.

चांगलं फूल तांबूस-तपकिरी, किंचित चिकट, बेदाण्यासारखं लवचीक असतं. काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं घेऊ नका. ताजं फूल मिळालं तर नशीब: सायीच्या रंगाचं, गोलसर, रसाने टच्च, आणि वास जड, गोड, थोडा उग्र. फुलं रात्री उमलून पहाटे गळतात. बायका-मुलं उजाडायच्या आधी झाडाखाली जातात आणि उन्हं चढेपर्यंत वेचतात. हाताला वास दिवसभर राहतो.

अर्ध्या किलोचे तीन भाग करा. शंभर ग्रॅम परडीत तशीच ठेवायची, वास घ्यायला आणि एकेक चघळायला. पन्नास ग्रॅम पाण्यासाठी. उरलेल्या साडेतीनशेतली दोनशे ग्रॅम लाडवांना, बाकीची शिल्लक.

लाडू आदल्या दिवशी करा. दोनशे ग्रॅम फुलं कापडावर पसरून हलकी कुटा आणि पाखडा, म्हणजे आतले केसर निघून जातात. केसर राहिले तर घशात खवखवतं. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर, सतत हलवत, फुलं कोरडी आणि फुगीर होईपर्यंत भाजा. गॅस मोठा केलात तर बाहेरून जळतात आणि कडू होतात. शंभर ग्रॅम तीळ वेगळे भाजा. दोन्ही गरम असतानाच उखळात कुटा. साखर-गूळ काही नको, वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते, तीच बांधून धरते. सुपारीएवढे लाडू वळा.

न पिणाऱ्यांसाठी फुलांचं पाणी: पन्नास ग्रॅम फुलं धुऊन, केसर काढून, एक लिटर पाण्यात आल्याच्या तुकड्याबरोबर पंधरा मिनिटं उकळा, गाळा, गार करा. त्याच दिवशी संपवा, कारण चैत्राच्या उन्हात ते दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं. हा पेला बाजूच्या टेबलावर ठेवू नका, मोहाच्या ग्लासाच्या शेजारीच मांडा. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघून सुरगाणा, डांग, दक्षिण गुजरातपर्यंत सलाबाई देवीची लाट गेली होती. दारू सोडा, मांस सोडा, दारूच्या मक्तेदारांकडे जाऊ नका, असा देवीचा हुकूम होता आणि हजारो आदिवासींनी तो पाळला. मोहाच्या वारशात पिणं आहे तसंच न पिणंही आहे. पाहुण्यांना आग्रह करायचा नाही, एकदाही नाही.

बाकीचं सामान

ग्लास लहान, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते हवेत. नाशकातल्या बऱ्याच घरांत वाइनचे ग्लास असतात, त्यातले व्हाइट वाइनचे छोटे चालतील. माणशी दोन ठेवा आणि मध्ये विसळा. स्टीलचे पेले नकोत, आणि तांब्याचे तर नकोतच. पाण्याला मात्र तांब्याचा तांब्या जरूर ठेवा. नाशिकची तांबट आळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तांब्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. गाळताना वाफेतली गंधकाची घाण तांबं धरून ठेवतं, म्हणून चांगल्या भट्ट्यांची भांडी तांब्याची असतात. साधं गाळलेलं पाणी खोलीच्या तापमानाला असावं. बर्फ मुळीच नको, गारठ्याने वास मिटतात.

प्रत्येकापुढे एक वाडगा ठेवा, घोट थुंकायला. आपल्याकडे लोकांना याचा संकोच वाटतो. यजमानाने पहिल्यांदा थुंकलं की तो जातो.

मोजायला पंधरा मिलीचं औषधाचं माप आणि पाच मिलीचा चमचा. चौघींचं मिळून माणशी साठ मिली. बाटलीतलं अल्कोहोल ४२.८ टक्के धरलं तर त्यात सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. दोन तासांत, पोटभर जेवणानंतर, एवढं पुरे. गाडी कोणी चालवायची नाही. घरी सोडायची सोय बोलावतानाच ठरवा.

जेवण आधी द्या, सात वाजता: पिठलं, नागलीची भाकरी, भात. लसूण जपून. बैठकीत चाखण्यासाठी विस्तवावर भाजलेले नागलीचे पापड, खारवलेले नसलेले शेंगदाणे, पिंपळगाव-निफाडकडच्या मनुका, मोहाचे लाडू, एका वाटीत काकवी, आणि बिनसाखरेच्या किंवा अगदी कमी साखरेच्या काळ्या चॉकलेटचा तुकडा. तो तुकडा मायांच्या नावाचा. ग्वातेमालातल्या रिओ आसुल इथे १९८४ मध्ये एका थडग्यात कोकोची भांडी सापडली, त्यातल्या एकावर माया लिपीत कोकोच लिहिलेलं होतं आणि तळाशी त्याचा अंश चिकटलेला होता. रमपेक्षा कोको मायांचा जास्त. चिवडा, मिसळ, खुरासणीची झणझणीत चटणी हे सगळं शेवटी. तिखटाने जीभ बधिर झाली की पंधरा मिनिटं काहीच कळत नाही.

निमंत्रणातच लिहा: अत्तर लावून येऊ नये, मोगऱ्याचा गजरा माळून येऊ नये. चैत्रात हे सांगणं जिवावर येतं, पण खोलीत एक गजरा असला तर मोहाचा वास कोणालाच सापडणार नाही. उदबत्ती, धूप संध्याकाळच्या आधीच लावून घ्या आणि खिडक्या उघडा.

बसायला खाली चटया आणि घोंगड्या. खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांना.

संध्याकाळ

आठ वाजता परडी फिरवा. प्रत्येकाने दोन फुलं उचलायची. एक बोटांत चुरडून नाकाशी, एक दाताखाली. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग ज्याला जे आठवेल ते म्हणू द्या: मनुका, भिजलेली माती, जुनं गोदाम, पिकलेलं खिरणीचं फळ. खिरणी म्हणणारा तर शास्त्रानेही बरोबर असतो, मोह आणि खिरणी एकाच कुळातले.

आता मोहाची ओता, पंधरा मिली. ही बाटली झाकायची नाही, उघडी ठेवा, लेबल सगळ्यांना दिसू द्या. तशीही ती पाण्यासारखी नितळ असल्याने रमच्या रांगेत लपणार नाही. ती पहिली का, याचं व्यावहारिक कारणही आहे: लाकडाच्या पिंपात मुरलेल्या गोडसर रमनंतर न मुरलेली फुलाची दारू नुसती जाळ वाटते, तिचे नाजूक वास दबून जातात. उलट क्रमाने केलेल्या बैठकीत मोहाला 'गावठी' म्हणून बाजूला सारलं जातं, आणि दोष सगळा क्रमाचा असतो.

नाशिककरांना इथे एक सवय मोडावी लागते. सुला वाइनरीने २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ चाखण्याची खोली उघडल्यापासून आपल्याला ग्लास गरागरा फिरवायची सवय लागली आहे. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, तिथे ते ठीक. इथे त्याच्या तिप्पट आहे. फिरवलात तर अल्कोहोलच नाकात जाऊन झिणझिण्या येतात. ग्लास हलकेच तिरपा करा, परत सरळ करा, आणि अर्धा मिनिट थांबा.

वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा आणि नाक ग्लासच्या कडेच्या वर, दोन बोटं अंतरावर. आधी एका नाकपुडीने, मग दुसरीने. पंखा या वेळेपुरता बंद. मग अगदी लहान घोट, चमचाभरही नाही. जिभेवर पसरू द्या, तीन-चार सेकंद धरा, गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. मोहाची ओळख याच श्वासात पटते: फुलाचा वास परत वर येतो. पहिला घोट फक्त तोंडाची ओळख करून देतो. मत दुसऱ्या घोटावर बनवा.

आता एक चमचा पाणी घाला. पंधरा मिलीत पाच मिली पाणी गेलं की ४२.८ टक्क्यांचं सुमारे ३२ वर येतं. बाटलीवरचा आकडा वेगळा असेल तर त्याचे तीन चतुर्थांश धरा. जळजळ खाली बसते आणि आतापर्यंत दबलेले वास वर येतात. परत नाकाशी न्या. लाडवाचा तुकडा खाऊन परत घोट घ्या. फूल भाजलेलं आणि फूल गाळलेलं, ही दोन्ही रूपं एकमेकांशेजारी आली की मोह ही काय वस्तू आहे ते उमजतं.

या वेळी यजमानाने गाळण्याची पद्धत थोडक्यात सांगावी. वाळलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजतात, हवेतलं आणि फुलावरचं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. भांडं चुलीवर चढतं. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं, पाणी शंभरावर, म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येतं. ती वाफ गार झाली की धार पडते. आपल्या बोलण्यात 'पहिल्या धारेची' म्हणजे सर्वांत अस्सल. ती कडक असते हे खरं, पण जाणता गाळणारा अगदी सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढतो, कारण त्यात नको ते हलके पदार्थ येतात. शेवटी शेवटी धार पाणचट आणि ओशट होते, तीही सोडतो. मधली धार ठेवायची. कुठे सुरू, कुठे बंद, हे पाड्यावर कोणत्याही यंत्राशिवाय वासावर, चवीवर आणि धारेच्या फेसावर ओळखत आले आहेत. कारागिरी म्हणायची ती हीच, आणि बैठकीत जिचं नाव मोठ्याने घ्यायचं तीही हीच.

पंधरा मिनिटांची विश्रांती. पाणी, पापड, खिडकी.

मग तिन्ही रम, बांबूच्या झाकणांत, झाकणांवर एक-दोन-तीन अशा चिठ्ठ्या. क्रम यजमानालाच माहीत: पहिली कामिकारा, दुसरी साकापा, तिसरी ओल्ड मंक. ओल्ड मंक शेवटी ठेवायची, कारण तिचा व्हॅनिलासारखा वास इतका ठाम आहे की तिच्यानंतर काही उमगत नाही, आणि ती सगळ्यांना ओळखू येते. ओळखू येऊ दे, त्याचा आनंद वेगळा. प्रत्येकाला कागद-पेन्सिल द्या आणि तीनच प्रश्न विचारा: ऊस आठवतो का? लाकूड आठवतं का? गिळल्यावर किती वेळ मागे राहते? गुण देऊ नका. गुण दिले की लोक महागडी कोणती ते ओळखायच्या मागे लागतात.

प्रत्येक रमला तीच रीत: वास, घोट, चमचाभर पाणी, परत वास. कामिकाराबरोबर काहीच खाऊ नका, तिच्यातला हिरव्या उसाचा सूर चटकन झाकला जातो. साकापाबरोबर आधी काकवीचं एक बोट, मग चॉकलेट. ओल्ड मंकबरोबर मनुका.

तिघी संपल्यावर झाकणं काढा. इथे हवं तेवढं बोला. साकापा ग्वातेमालाच्या डोंगरात, केत्साल्तेनांगोजवळ २३०० मीटर उंचीवर मुरते. बाटलीवरचा २३ हा आकडा म्हणजे २३ वर्षांची रम नव्हे, ६ ते २३ वर्षांच्या रम एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ती मिसळण घडवली लोरेना वास्केस या बाईंनी, आणि या धंद्यात इतक्या वरच्या जागी बाई असणं फारसं आढळत नाही. थंड हवेत पिंपातून उडून जाणं कमी. आपल्याकडच्या उन्हात ते स्कॉटलंडच्या वर्षाकाठी सुमारे दोन टक्क्यांच्या कितीतरी पट होतं, म्हणून इथली रम कमी वर्षांतच गडद होते. वर्षांचे आकडे दोन देशांत सरळ तोलू नयेत. मळी काय असते हे कोणाला पाहायचं असेल तर दिंडोरीकडे कादवा साखर कारखान्याच्या बाजूने गळिताच्या दिवसांत जावं, वास लांबूनच येतो.

पेतातेचा पट्टा आणि बुरुडाचं झाकण शेजारी ठेवून सगळ्यांच्या हातात द्या. बोट फिरवून पाहू द्या.

भिंतीसाठी वारली चित्र हवं असेल तर छापील पडदा आणू नका, चित्रकाराकडून घ्या. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर गेली. तारपा वाजवणाऱ्याला बोलावणार असाल तर तो पाहुणा म्हणून येईल, जेवायला बसेल, मानधन आधी ठरेल, आणि कधी वाजवायचं ते तो सांगेल. पाहुण्यांच्या ग्लासाशेजारी नाचायला कोणालाही उभं करू नका.

दुसऱ्या दिवशी

बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नकोत, कडक दारूने बूच खराब होतं. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान बाटलीत भरा, हवा कमी लागते. ग्लास गरम पाण्याने विसळा, साबणाचा वास राहतो. परडीतली फुलं परत उन्हात वाळवून काचेच्या बरणीत भरा. दमट राहिली तर श्रावण येण्याआधीच किडतात. ती घरी आंबवून पाहण्याचा मोह कोणाला झाला तर लक्षात ठेवा, ते कायद्याने गुन्हा आहे. शिल्लक दीडशे ग्रॅमचे परत लाडू होतात, किंवा भिजवून, वाटून नागलीच्या पिठात मिसळली की गोड भाकरी होते. त्या भाकरीला तूप लावायचं.